जिना आत की बाहेर?

घराचं डिझाइन करून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या तिशीतल्या जोडप्यांच्या मागण्या आता मला पाठ झाल्या आहेत. डोक्यावर कुणी राहायला नको. गच्ची आपली एकट्याची हवी. कुत्रा पाळायला कमिटीची परवानगी लागता कामा नये. नाशिकहून, साताऱ्याहून आई-बाबा आले तर त्यांना लिफ्टपाशी ताटकळायला लागू नये. ‘स्वयंपाकघर ऐसपैस हवं’ असं हल्ली कुणी फारसं म्हणत नाही. पण दार लावून मीटिंगला बसता येईल अशा दोन खोल्या मात्र हव्याच असतात, कारण दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी चालू असतात आणि दोघंही मोठ्याने बोलतात.

मी मूळची कोल्हापूरची. आर्किटेक्चर शिकले, लग्न होऊन बंगळुरात आले आणि इथलीच झाले. बसवनगुडीत माझं छोटं ऑफिस आहे. मोठमोठ्या इमारती आमच्या वाट्याला येत नाहीत, येतात ती स्वतंत्र घरं. ‘इंडिपेंडंट हाउस’ म्हणतात इथे, मराठी गिऱ्हाइकं बंगला म्हणतात. त्यांचे पुण्या-मुंबईचे मित्र त्यांना वेड्यात काढतात. या वयात बंगला? पुण्यात प्रभात रोडचे बंगले एकामागून एक डेव्हलपमेंटला चाललेत आणि ही पोरं नवा बांधायला निघालीत! पण बंगळुरात ही हौस दिसते तितकी अजब नाही. या शहराची घडणच वेगळी झाली आहे.

मुंबईत मध्यमवर्ग चाळीतून सोसायटीत गेला, पुण्यात वाड्यातून फ्लॅटमध्ये. बंगळुरात तो साइटवर गेला. साइट म्हणजे प्लॉट. १९४५ मध्ये इथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट बोर्ड स्थापन झालं आणि १९७६ मध्ये त्याची जागा बंगळूर विकास प्राधिकरणाने, म्हणजे बीडीएने घेतली. शेतजमीन ताब्यात घ्यायची, रस्ते आखायचे, पार्कांसाठी जागा सोडायची आणि उरलेले तुकडे नोकरदारांना वाटायचे, असा हा सरकारी उद्योग अनेक दशकं चालला. जयनगर, राजाजीनगर, इंदिरानगर, कोरमंगला, सगळी त्याचीच लेकरं. तुकड्यांची मापंही ठरलेली: २० बाय ३०, ३० बाय ४०, ४० बाय ६० फूट. आजही इथला माणूस क्षेत्रफळ सांगत नाही, ‘थर्टी-फॉर्टी आहे’ एवढंच म्हणतो आणि ऐकणाऱ्याला घराचा नकाशासुद्धा डोळ्यांपुढे दिसतो.

साइट मिळवायची तर अर्ज करायचा, राज्यात ठराविक वर्षं राहिल्याचा दाखला जोडायचा आणि वाट बघायची. आधी किती वेळा अर्ज करून हात हलवत परत गेलात, यालाही वजन होतं. त्यामुळे ‘आमची तिसऱ्या अटेम्प्टला लागली’ हे वाक्य इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी परीक्षेच्या निकालासारखं येतं. दहा वर्षं विकायची नाही, घर बांधायचं, मग खरेदीखत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये इथे विमानाचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. मागून एचएमटी, बीईएल, बीईएमएल आले, इस्रो आली. या कारखान्यांत लागलेली कितीतरी मराठी माणसं अशीच साइटवाली झाली. इंदिरानगरातल्या जुन्या घरांच्या फाटकांवर अजूनही कुलकर्णी, जोशी, पाटील सापडतात. पाटील मात्र विचारून घ्यावेत, कानडीही निघतात.

त्याआधीचा बंगला गोऱ्या साहेबाचा. १८०९ मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणहून सैन्य इथे हलवलं आणि कँटोन्मेंट वसला. मोठं आवार, पुढे पोर्च, खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार झालर. तिला ‘मंकी टॉप’ म्हणतात. जॅनेट पॉट या बाईंनी १९७७ मध्ये या बंगल्यांवर रेखाटनांसह एक पुस्तक काढलं. त्यातले बरेच बंगले आज जागेवर नाहीत. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल इथे आले ते एकविसाव्या वर्षी, आणि आणखी दोन तरुण अधिकाऱ्यांबरोबर भागीत बंगल्यात राहिले. गुलाबांची बाग होती, नोकरांची पलटण होती, फुलपाखरं गोळा करायला भरपूर वेळ होता. आज त्या वयाची तीन पोरं एचएसआर लेआउटमध्ये टू-बीएचके भागीत घेऊन राहतात आणि त्यांना स्वयंपाकाच्या मावशी टिकवता येत नाहीत.

मराठी माणसाचा या जमिनीशी संबंध तर त्याहून जुना. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांची जहागीर होती. पुढे त्यांचे पुत्र एकोजींनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं. मध्येच मोगलांनी शहर घेतलं आणि १६८७ मध्ये त्याच किमतीला त्याच गिऱ्हाइकाला विकलं. आज तीन लाखांत एका साइटवरची बोअर धड पुरी होत नाही.

तर मुद्दा हा, की इथे शिकायला, नोकरीला आलेल्या पोराला आपल्या मॅनेजरचं, घरमालकाचं, सासऱ्याचं घर साइटवरचंच दिसतं. खाली मालक, वर दोन मजले भाडेकरू, गेटात नारळ, मागे कढीपत्ता आणि बटर फ्रूटचं झाड. अ‍ॅव्होकॅडोला इथे पूर्वापार बटर फ्रूटच म्हणतात आणि जुन्या घरांत तो शेजारीपाजारी वाटून संपवायचा जिन्नस असतो. पगार वाढला की या पोरालाही वाटतं, आपलं असंच असावं. त्यात २०२० चा लॉकडाउन आला. दोन वर्षं लोकांनी फ्लॅटच्या बाल्कनीतून जग बघितलं, डायनिंग टेबलावर ऑफिस थाटलं. कमिटीने लिफ्ट, पार्क, मोलकरणी सगळं बंद केल्यावर आपण कोट्यवधी देऊन नेमकं काय विकत घेतलंय, हा प्रश्न पुष्कळांना तेव्हा पडला.

हिशेबही बंगल्याच्या बाजूचा आहे. उंच टॉवरमधल्या दीड हजार चौरस फुटांच्या फ्लॅटमागे जमिनीचा अविभक्त हिस्सा येतो तीनशे-चारशे फूट, कधी त्याहूनही कमी. इमारत जुनी होते तशी तिची किंमत उतरते, चढते ती जमीन. थर्टी-फॉर्टीत अख्खी बाराशे फूट जमीन तुमची. शहराच्या कडेला, बरे कागद असलेल्या लेआउटात सहा हजार रुपये फुटाचा भाव धरला तर ७२ लाख झाले. खालचा एक मजला सध्याच्या दराने, जमिनीखालची पाण्याची टाकी आणि कंपाउंडसकट, पंचवीसेक लाखांत उभा राहतो. म्हणजे कोटीच्या आत राहायला जाता येतं आणि वरचा मजला तीन वर्षांनी, बोनस आला की. व्हाइटफील्ड-सर्जापूरकडे धड थ्री-बीएचके दीड कोटीच्या खाली मिळत नाही आणि तो टप्प्याटप्प्याने घेता येत नाही. बांधकाम पुरं न झालेल्या फ्लॅटवर जीएसटी लागतो, साइटवर नाही. मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि वर उपकर, ते मात्र दोन्हीकडे सारखं. नोंदणी शुल्कही ऑगस्ट २०२५ अखेर १ टक्क्यावरून २ टक्के झालं. बँका साइट आणि बांधकाम मिळून एकत्र कर्ज देतात, पण ठरलेल्या मुदतीत बांधकाम सुरू करायची अट असते. नुसती जमीन धरून बसता येत नाही. इंदिरानगर, जयनगरची स्वप्नं या हिशेबात बसत नाहीत. तिथे चाळीस-साठची साइट सहा कोटींच्या खाली बोलतच नाही. तरुण मंडळींचा बंगला शहरापासून लांब असतो: कनकपुरा रोडला, होसकोटेकडे, देवनहळ्ळीच्या पुढे.

आता जिन्याकडे येते, कारण माझ्या धंद्यात सगळं तिथे येऊन ठरतं.

मागच्या वर्षी कनकपुरा रोडच्या एका जोडप्याचं घर केलं. ती नाशिकची, तो हुबळीचा. साइट तीस-चाळीस, पूर्वाभिमुख, त्यामुळे तिला भाव जास्त पडलेला. वास्तूचं वेड इथे सगळ्या जातीधर्मांत सारखं आहे. पहिल्याच बैठकीत मी नेहमीचा प्रश्न विचारला, जिना आत की बाहेर? तो म्हणाला, बाहेर. ती म्हणाली, आत. मग दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

प्रश्न साधा नाही. जिना बाहेरून घेतला की वरचा मजला सुटा होतो. तो भाड्याने देता येतो, महिना वीस-पंचवीस हजार आणि बंगळूरच्या रिवाजाप्रमाणे दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिटही मागता येतं. अर्धा हप्ता परस्पर सुटतो. पण मग डोक्यावर कुणी नको म्हणून जे घर बांधलं त्याच्याच डोक्यावर भाडेकरू येऊन बसतो आणि गच्चीवर त्याचे कपडे वाळतात. जिना आतून घेतला तर घर एका कुटुंबाचं होतं, दिवाणखान्याला उंची देता येते, मुलं वर-खाली धावतात. पण हप्ता सगळा आपल्याच खिशातून. शिवाय दहा फुटी मजल्याला सतरा पायऱ्या लागतात. तीन फूट रुंदीचा जिना वळवून घेतला तरी मजल्याला नव्वद-शंभर चौरस फूट जागा खातो. आठशे फुटांच्या मजल्यात शंभर फूट म्हणजे एक खोली.

“ताई, कर्ज दहा वर्षांत फेडणार आहोत आम्ही,” ती म्हणाली. “दहा वर्षं बाहेर आणि मग आत, असं काही होत नाही का?”

होतं. जिना घराच्या पुढच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आतच घेतला. पायथ्याशी दोन दारांची सोय केली. एक पोर्चमध्ये उघडतं, ते आज वापरात आहे. दुसऱ्या जागी, दिवाणखान्याच्या बाजूने, दाराच्या मापाची लिंटल आधीच टाकली आणि खालचा भाग चार इंची सॉलिड ब्लॉकनी भरून घेतला. त्या भागाची बाकीच्या भिंतीशी सांधणी ठेवली नाही. मेस्त्री रायचूरकडचा. त्याला हे काही केल्या पटेना. दार ठेवायचं तर दार ठेवा, भिंत बांधायची तर भिंत बांधा. भाडेकरू कायमचा गेला की ते ब्लॉक काढायचे, पोर्चचं दार बंद करायचं आणि घर एक करायचं, हे त्याला भिंतीवर खडूने काढून दाखवलं. तेव्हा त्याने मान डोलावली आणि लिंटलच्या दोन्ही टोकांना आपणहून तीन-तीन इंच जास्त टेकू दिला. त्या भिंतीवर आज त्यांनी गणपतीचं चित्र लावलंय, जागा चुकू नये म्हणून.

फ्लॅटमध्ये हे करता येत नाही. तरुणांना बंगल्याची ओढ का, याचं माझ्यापुरतं उत्तर त्या भरलेल्या दारात आहे. बाग, झोपाळा, पाट्यांवर कोरलेली नावं हे जाहिरातीत ठीक. तीस-चाळीसच्या साइटवर बाग म्हणजे चार कुंड्या. नियमाने सोडायची जागा बाजूला जेमतेम मीटरभर, शेजाऱ्याने तीही कित्येकदा गिळलेली. मधल्या खोल्यांना उजेड हवा तर जिन्यावर काचेचं छत द्यावं लागतं. दहा वर्षांनी आपल्याला काय लागेल हे आज ठाऊक नाही आणि ते तेव्हा आपल्याला ठरवता यावं, एवढीच ही मागणी आहे. नोकरी घरून असेल की ऑफिसातून, मूल होईल की नाही, आई कायमची राहायला येईल का, यातलं काहीच या पिढीला पक्कं माहीत नाही. आमच्या वडिलांना बरंचसं माहीत असायचं, निवृत्तीची तारीखसुद्धा.

पण ठरवायचा अधिकार मिळतो तो सगळ्या व्यापासकट. बंगला घेतला की तुम्ही स्वतःची नगरपालिका होता. फ्लॅटवाला कमिटीच्या नावाने बोटं मोडतो, बंगलेवाल्याला बोटं मोडायला आरशाखेरीज कुणी नसतं.

पहिलं खातं कागदपत्रांचं. महाराष्ट्रात आपण सात-बारा आणि एन.ए. बघतो. इथे पहाणी आणि कन्व्हर्जन. त्यावर ‘खाता’, म्हणजे पालिकेच्या कर-नोंदवहीतली तुमच्या नावाची नोंद. ए-खाता म्हणजे नियमात बसलेली मिळकत. बी-खाता म्हणजे कर घेतो पण नियमित मानत नाही. २००७ मध्ये शहराला ११० खेडी जोडली गेली. त्यांतल्या शेतांवर पाडलेल्या ‘रेव्हेन्यू साइट’ हजारोंनी बी-खात्यात अडकल्या. त्यांवर सरकारी बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून त्या स्वस्त, आणि स्वस्त म्हणून नवखं गिऱ्हाईक तिथेच फसतं. ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीला ई-खाता सक्तीचा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये महापालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाखाली पाच पालिका आल्या आणि बी-खात्याचं ए-खात्यात रूपांतर करायची योजनाही निघाली. तरी माझं सांगणं तेच. मूळ दस्त, म्हणजे इथला ‘मदर डीड’, आणि तीस वर्षांची ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या बोज्यांचा दाखला, वकिलाकडून तपासून घ्या. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन परवानगीशिवाय विकली गेली असेल तर १९७८ च्या कायद्याने तो व्यवहारच बाद होऊ शकतो. पाचशे चौरस मीटरच्या वरचा किंवा आठांहून जास्त प्लॉटांचा लेआउट असेल तर रेराचा क्रमांक मागा. ब्रोकर ‘सर, क्लिअर टायटल’ म्हणतो तेव्हा त्याने फक्त कमिशन क्लिअर केलेलं असतं.

सरकारी साइट म्हणजे निश्चिंती, असंही नाही. नाडप्रभू केंपेगौडा लेआउटात २०१६ पासून साइट वाटल्या. कित्येकांनी रस्ता, पाणी, गटारं यांची वाट बघत भाडं आणि हप्ता दोन्ही भरले. विजेचं तर नवंच प्रकरण. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ च्या निकालानंतर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज-पाणी जोडायचं नाही असं ठरलं आणि बांधून तयार असलेली घरं अडकली. २०२५ मध्ये राज्य सरकारने बाराशे फुटांपर्यंतच्या साइटवरच्या छोट्या घरांना सूट दिली तेव्हा माझ्या दोन गिऱ्हाइकांनी पेढे पाठवले.

दुसरं खातं पाण्याचं, आणि तेच सगळ्यांत मोठं. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, जवळ मोठी नदी नाही. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून आणि जवळजवळ पाचशे मीटर वर उपसून येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा, मुख्यतः त्या ११० खेड्यांसाठी. पण लाइन रस्त्यापर्यंत येणं आणि नळाला पाणी येणं यांत अंतर असतं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये शहरातल्या सुमारे चौदा हजार सरकारी बोअरांपैकी ६,९०० कोरड्या पडल्याचं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार दंड होता. फ्लॅटवाल्यांचे टँकर कमिटीने ठरवले, बंगलेवाल्यांनी टँकरवाल्याला ‘अण्णा, अण्णा’ करत स्वतः फोन केले.

म्हणून मी संपच्या मापावर कधी तडजोड करत नाही. संप म्हणजे जमिनीखालची टाकी. पोर्चखाली बारा हजार लिटरचा घ्या म्हटलं की गिऱ्हाईक म्हणतं, सहा पुरे. मी मग गणित मांडते. तुमचं छत हजार फुटांचं, म्हणजे त्र्याण्णव चौरस मीटर. बंगळुरात वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. नव्वद हजार लिटर पाणी छतावर येतं. गळती, पहिला गढूळ पाऊस सोडून पंचाहत्तर हजार तरी हाती लागतं. चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर धरले तर हे साडेचार महिन्यांचं पाणी झालं. आणि इथला पाऊस कोकणासारखा चार महिन्यांत सगळा ओतून मोकळा होत नाही. एप्रिलच्या वळवापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तो हप्त्याहप्त्याने येतो, त्यामुळे बारा हजारांचा संप पुन्हापुन्हा भरतो. बाराशे फूट आणि त्यावरच्या साइटवर नवं घर बांधताना पर्जन्यसंधारण २००९ पासून कायद्यानेच सक्तीचं आहे. बरेच जण पाइप दाखवण्यापुरता लावतात आणि तो गटारात सोडतात.

असं न करणारेही आहेत, आणि तरुणांना त्यांचं आकर्षण वाढतंय. विद्यारण्यपुरातलं चित्रा आणि एस. विश्वनाथ यांचं घर इथल्या आर्किटेक्टांना तीर्थासारखं आहे. पायासाठी खणलेल्या मातीच्याच विटा पाडून बांधलेलं, छतावरचं पाणी वापरणारं. दाबून घडवलेल्या मातीच्या विटांवरचं काम इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या केंद्रात झालं. पन्नास वर्षांनी सॉफ्टवेअरमधली मुलं मला विचारतात, “मड ब्लॉकचं होईल का?” होईल. बरा कारागीर मिळवावा लागेल आणि सासरची मंडळी ‘प्लास्टर राहिलंय वाटतं’ म्हणतील, तेवढी तयारी ठेवा. रेड ऑक्साइडची लाल जमीन मात्र सगळ्यांनाच हवी असते. आजीच्या घरची आठवण. ती घोटणारे हात हल्ली टाइलवाल्याच्या चौपट मजुरी घेतात.

ज्यांना बंगला हवा पण नगरपालिका व्हायचं नाही, त्यांच्यासाठी बिल्डरांनी व्हिला काढलेत. फाटकावर रखवालदार, आत एकसारखी दोनशे घरं, क्लबहाउस, महिन्याचा मेंटेनन्स. माझं मत विचाराल तर व्हिला म्हणजे आडवा पाडलेला फ्लॅट. बाहेरच्या भिंतीचा रंग बदलायचा तरी असोसिएशनला अर्ज. काही ठिकाणी तर जमीन तुमच्या नावाने होतही नाही, फ्लॅटसारखा अविभक्त हिस्साच मिळतो. बुकिंगआधी हे एक वाक्य करारात शोधाच. आणि श्रीमंती पाण्याला अडवत नाही. सप्टेंबर २०२२ च्या पावसात एप्सिलॉनसारख्या गर्भश्रीमंत वसाहतीत गाड्या बुडाल्या आणि सर्जापूर रोडला रेनबो ड्राइव्हमधली माणसं ट्रॅक्टरमधून बाहेर काढावी लागली. रेनबो ड्राइव्ह तर पाणी मुरवण्याच्या कामासाठी नावाजलेली वसाहत. पण जागा सखल, वरच्या तळ्यांचं पाणी वाहून नेणारे राजकालुवे, म्हणजे मोठे नाले, पुढे अरुंद झालेले. साइट बघायला जाल तर पावसात जा. उन्हाळ्यात सगळ्या साइट सुंदर दिसतात.

उलटी वाटही रोज बघते. जयनगरात एचएमटीतून निवृत्त झालेल्या एका मराठी काकांचं चाळीस-साठवरचं घर आहे. तीन मुलं. काका गेल्यावर घराचं काय करायचं म्हणून मला बोलावलं. आंब्याचं झाड, मोझॅकची जमीन, गच्चीवर पापड वाळवायची लोखंडी चौकट, सगळं जागच्या जागी. थोरल्याचं म्हणणं जॉइंट डेव्हलपमेंटला द्यावं, बिल्डर चार मजले बांधेल, निम्मे आपले. मुलीला खालचा मजला हवा, आईसाठी. धाकटा तेहतीस वर्षांचा, त्याला फ्लॅटच नको. वडिलांच्या जागेतला आपला हिस्सा पैशांत घेऊन तो देवनहळ्ळीपलीकडे तीस-चाळीसची साइट बघतोय. काकांना त्या जमान्यात जयनगर जेवढं लांब वाटलं असेल, तेवढंच लांब. आई त्याच्याकडे राहायला जाणार म्हणतेय, थोरला ऐकत नाही. गेल्या शनिवारी धाकट्याचा फोन आला, ब्रोकर म्हणतो आजच टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी येतेय. मी म्हटलं, येऊ दे दुसरी पार्टी. आधी ईसी पाठव.